शिकागोच्या तळघरांतील यंत्र

मुलांनीं स्वतः मिळविलेला पैसा कशावर खर्चावा, हें ठरविण्याचा अधिकार वडील माणसांनीं कोठपर्यंत चालवावा, या प्रश्नावरून गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांच्या घरीं चार दिवस अबोला होता. घर शिकागोजवळचें, मी तेथें पांच महिन्यांच्या मुक्कामास गेलों होतों. नातवानें शेजाऱ्यांचें गवत कापून साडेतीनशे डॉलर सांठविले होते. ते सारे मोजून त्यानें एका वृद्ध गृहस्थांच्या गॅरेजमधून १९६५ सालचें एक बंद पडलेलें पिनबॉलचें यंत्र घरीं आणिलें. वजन शंभर किलोंहून अधिक. चौघांनीं तें तळघरांत उतरविलें. चिरंजीव एवढेंच म्हणाले, "आजोबा परत जाण्याच्या आंत चाललें तर ठीक, नाहींतर भंगारांत जाईल."

पिनबॉल म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं बगाटेलची खिळे ठोकलेली पाटी होती त्यांस निराळें सांगावयास नको. उतरती फळी, तीवरून घरंगळणारी गोळी, आणि गोळीला वर फेंकणारा स्प्रिंगचा दांडा. हा दांडा बगाटेलला जोडून मॉंटेग्यू रेडग्रेव्ह यांनीं १८७१ सालीं सिनसिनाटी येथें पेटंट घेतलें. १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनीं 'बॅफल बॉल' हा खेळ साडेसतरा डॉलरांस विकावयास काढला आणि मंदीच्या त्या दिवसांत तो दुकानोदुकानीं जाऊन बसला. परंतु गोळी एकदां सुटली कीं खेळणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे; त्यामुळें जुगाराचा वास या यंत्रास चिकटला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं १९४२ सालीं बंदी घालून यंत्रें हातोड्यांनीं फोडविलीं. पुढें १९४७ सालीं गॉटलिबच्याच 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रांत हॅरी मॅब्स यांनीं सहा फ्लिपर, म्हणजे बटण दाबतांच गोळीला परतविणाऱ्या आंखूड पट्ट्या, बसविल्या आणि खेळांत कौशल्य आलें. तरीहि बंदी उठावयास १९७६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं रॉजर शार्प यांनीं नगरसभेच्या सभासदांपुढें गोळी कोठें जाईल हें आधीं सांगून त्याप्रमाणें मारून दाखविली होती.

सूनबाईंचा जुगाराचा आक्षेप मीं या इतिहासानें दूर केला. चिरंजीवांचा पैशाचा आक्षेप तसा दूर होण्याजोगा नव्हता.

असलें यंत्र घेतांना तें चालतें कीं नाहीं हें पाहण्यापेक्षां काय दुरुस्त होऊं शकणार नाहीं, तें पाहावें. उभ्या पेटीच्या कांचेवरील रंग मागून सुटूं लागला असेल तर तो पूर्ववत् होत नाहीं. फळीवरील चित्र लांकडापर्यंत झिजलें असेल तर तेंहि तसेंच. तारा, रिले, विद्युच्चुंबक यांना मात्र उपाय असतो. नातवानें यांतलें कांहींहि पाहिलें नव्हतें. केवळ दैवानें कांच चांगली निघाली, आणि पेटीच्या तळाशीं विजेच्या जोडणीचा मूळ नकाशा घडी घालून ठेवलेला सांपडला.

या जुन्या यंत्रांत संगणकाचा अंशहि नाहीं. गुण मोजणें, गोळ्या मोजणें, खेळ संपविणें, सारें विचार करण्याचें काम रिले, दांतेरी चाकें आणि एक लहानशी मोटार यांकडे. पहिल्याच दिवशीं एका फ्यूजला कोणी चांदीचा वर्ख गुंडाळावा तसा ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला दिसला! भिंतीच्या विजेची वायरहि दोन कांट्यांची, अर्थिंगशिवाय. तें ऐकतांच चिरंजीव प्रथमच तळघरांत उतरले. "त्या वायरीला मी हात लावीन, तूं नाहीं," असें म्हणून त्यांनीं तीन कांट्यांची वायर जोडली, योग्य फ्यूज बसविला आणि कांहीं न बोलतां वर गेले.

साठ वर्षांचें वंगण चाकांवर डिंकासारखें घट्ट झालें होतें. तें स्पिरिटानें पुसण्यांत आठवडा गेला. मग दिवे लागले. नातवानें खेळ सुरू करण्याचें बटण दाबलें आणि मोटार घरघरूं लागली. पण ती थांबेना. गुणांचीं चाकें शून्यावर येऊन उभीं, मोटार आपली फिरतेच आहे.

येथें माझ्या हातून प्रमाद घडला. एका रिलेचे कॉन्टॅक्ट काळवंडलेले दिसले. तेंच दुखणें, असें मास्तरी थाटांत ठरवून मीं कानस घेतली आणि चांगले दहा हात मारले. त्या बिंदूंवर चांदीचा पातळ थर असतो. तो मीं उडवून टाकला. नातू शांतपणें म्हणाला, "आजोबा, आधीं बघायचें ना?" चौतीस वर्षें हेंच वाक्य मीं वर्गांत दुसऱ्यांस ऐकविलें होतें.

दुसऱ्या दिवशीं नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. त्याच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत एक ओळ होती: यंत्र सज्ज करून पहिली गोळी खेळावयाची असतांना जी स्थिति, तीच येथें दाखविली आहे. पाणिनीचें अधिकारसूत्र जसें एकदां सांगून पुढील सर्व सूत्रांवर चालतें, तशी ती ओळ साऱ्या कागदावर चालत होती, आणि आम्हीं ती वाचलीच नव्हती. म्हणजे शून्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक चाकाचा स्विच नकाशांत उघडा दाखविला आहे तो खरोखरच उघडा हवा. एकहि मिटलेला राहिला तर मोटारीला वाटणार कीं अजून कोणी शून्यावर पोहोंचावयाचें आहे. एकेक चाक पाहतां दहांच्या चाकाची पितळी पट्टी वांकून दुसरीस टेंकलेली आढळली. नातवानें ती चिमट्यानें केसभर मागें वांकविली. बटण दाबलें, मोटार फिरली, आणि थांबली. खट्कन् आवाज होऊन गोळी बाहेर आली.

मीं बिघडविलेला रिलेचा भाग नवा मागवावा लागला. त्याचे पैसे मीं दिले, आणि डाक चिरंजीवांनीं स्वतः लावला. त्या रात्रीं घंटांचा आवाज साडेअकरापर्यंत वर ऐकूं येत होता. खालीं नातू एकटा नव्हता. मी परत निघावयास तेव्हां नऊ दिवस उरले होते.

गेल्या रविवारीं त्याचा फोन आला. डावा फ्लिपर दुबळा पडला आहे. पट्टी पूर्ण वर गेली कीं मोठा प्रवाह तोडणारा स्विच पाहा, पण कानस लावूं नकोस, असें मीं बजावलें. तिकडून उत्तर आलें, "आजोबा, तो टंगस्टनचा असतो. त्याला कानसच लावतात."