मूळव्याध असेल, बघू नंतर



आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांना पुरणपोळ्या करून देणाऱ्या बाई ४२ वर्षांच्या आहेत. वर्षभर त्यांना शौचावाटे रक्त जात होते. "मूळव्याध असेल, बघू नंतर" असे म्हणत त्यांनी दिवस काढले. डॉक्टरकडे न जाण्याचे खरे कारण त्यांनी मला नंतर सांगितले: विमा नव्हता. आज मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे. त्याच सुमारास मला ४५ पूर्ण झाली म्हणून विमा कंपनीचे पत्र आले. मी कोलोनोस्कोपी करून आलो आणि दुपारी घरी वरणभात जेवलो. खर्च शून्य.

ही तफावत आमच्या उपनगरापुरती नाही. अमेरिकेत एकूण कर्करोगाचे मृत्यू घटत असताना पन्नाशीच्या आतल्यांमध्ये आतड्याचा कर्करोग वाढतो आहे. १९९०च्या दशकाअखेरीस या वयात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत तो चौथ्या क्रमांकावर होता. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२४च्या अहवालानुसार पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत तो पहिल्या आणि स्त्रियांत दुसऱ्या क्रमांकावर आला. रोग आतड्यातच असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातले सुमारे नव्वद जण हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ही संख्या पंधराच्या आसपास येते.

आणि कोण जगतो हे वंशावर ठरते असे आकडे सांगतात. तरुण रुग्णांत गोऱ्यांपेक्षा काळे लोक कमी जगतात. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोझमन २०२०मध्ये ४३व्या वर्षी याच रोगाने गेला. निदान झाले तेव्हा, २०१६मध्ये, रोग तिसऱ्या अवस्थेत होता. त्याला पैशाची ददात नव्हती, म्हणजे पैसा असला की सुटलो असेही नाही.

आपल्या पार्ट्यांमध्ये यावर ठरलेले उत्तर मिळते: "त्यांच्या जीन्समध्येच असेल, खाणेपिणेही तसेच." जातीबद्दल असली वाक्ये ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे ती ओळखीची वाटायला हवीत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १८ ते ६४ वयाचे काळे आणि गोरे रुग्ण ताडून पाहिले. जगण्यातला जवळजवळ निम्मा फरक एकट्या विम्याने उलगडला. गाठीच्या स्वरूपाचा वाटा त्याच्या निम्मा. आपण मात्र आकडेवारीत 'एशियन' या एकाच खणात असतो. त्या खणात सॉफ्टवेअरवाला आणि मोटेल झाडणारी एकाच सरासरीत मोजले जातात, आणि सरासरी छान दिसते.

तपासणीचे वय २०२१मध्ये ५०वरून ४५ झाले. २०१०च्या आरोग्य कायद्यामुळे ती बहुतेक खासगी विम्यांत मोफत आहे. पण यात एक मेख आहे. काही त्रास नसलेल्याचीच ती 'स्क्रीनिंग' म्हणून मोफत. रक्त जाते म्हणून गेलात तर ती 'डायग्नोस्टिक' होते आणि डिडक्टिबल भरावे लागते. चाळीशीच्या आतल्याला, ज्याला लक्षण हीच एकमेव सूचना, त्याला बिल येते. सुदृढ पंचेचाळिशीवाल्याला येत नाही. हे उलटे गणित कोणाला सुचले कोण जाणे!

विमा तरी किती जणांना? टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया यांनी मेडिकेडचा विस्तार केलेला नाही. नव्या ग्रीनकार्डधारक प्रौढाला १९९६च्या कायद्याने साधारणपणे पाच वर्षे मेडिकेड बंद. जुलै २०२५मधल्या कायद्याने विस्तारित मेडिकेडवरील बहुसंख्य प्रौढांना महिन्याला ८० तास कामाचा पुरावा सक्तीचा केला असून अंमलाची मुदत १ जानेवारी २०२७ आहे. नोकरी, शिक्षण, सूट यांचे कागद वेळेवर न भरणाऱ्याचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. आपल्यातल्या एच-वनवाल्यांनीही हसू नये. त्यांचा विमाही नोकरीलाच बांधलेला आहे.

आपल्या घरांतली अडचण निराळी. शौचाबद्दल बोलायचे नाही! २०२३च्या एका संशोधनात तरुण रुग्णांत निदानाआधी तीन महिने ते दोन वर्षे चार खुणा दिसल्या: पोटदुखी, गुदद्वारातून रक्त, जुलाब आणि लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग. यांतले काही असेल तर वय न पाहता डॉक्टरला स्पष्ट सांगा, आणि तपासणीविना 'मूळव्याध' म्हटले तर दुसऱ्याकडे जा.

मंडळाच्या कार्यकारिणीला मी एक विनंती केली आहे. यंदाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर एक टेबल मांडायचे. तिथे मेडिकेड आणि मार्केटप्लेसचे अर्ज भरून द्यायचे, आणि ऐपतीप्रमाणे फी घेणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटरचे पत्ते ठेवायचे. "सणात असला विषय नको," असे एका सदस्याचे मत पडले. बैठक पुढच्या रविवारी पुन्हा आहे. स्थानिक सभासदांनी जरूर यावे.