बाराच व्होल्ट तर आहेत!

जबलपूरला पोस्टिंग झालं की इलेक्ट्रॉनिक्सचा नाद नसलेल्यालाही तो लागतो. १ सिग्नल ट्रेनिंग सेंटर इथंच आहे आणि गुरंदी बाजारात जुन्या सामानाला तोटा नाही. त्यामुळे रेडिओसाठी, बॅटरी चार्ज करायला क्वार्टरमध्ये स्वतः पॉवर सप्लाय बनवणारे बरेच भेटतात. नाद चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती वरचेवर कानावर येणाऱ्या एका वाक्याबद्दल : "अरे, बाराच व्होल्ट तर आहेत, काय होतंय?"

बारा व्होल्ट बाहेर येतात. डब्याच्या आत २३० असतात, आणि माणूस मरतो तो त्या २३० मुळे.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते त्याचं त्याहून मोठं काम आहे, घरची लाइन आणि तुमचा हात यांना वेगळं ठेवणं. दोन वाइंडिंगचा तारेनं संबंध नसतो, फक्त लोखंडी गाभ्यातल्या चुंबकत्वानं असतो. म्हणून जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर सप्लायला वापरू नका. तो बहुतेक वेळा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो : एकच वाइंडिंग, त्यालाच मधून टॅप काढलेले. मीटर बारा व्होल्ट दाखवेल, पण प्लग उलटा बसला की त्याच तारेवर जमिनीच्या मानाने पूर्ण फेज असेल. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला हातच लावू नये. तिथं दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात, दुसरी संधी मिळत नाही.

दुसरा गैरसमज, "घरात एमसीबी आहे की." ६ अँपिअरची एमसीबी १३८० वॅटपर्यंत ढिम्म हलत नाही. १२-०-१२, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर फार तर ४८ व्हीएचा. मेनलाइनकडून तो जेमतेम पाव अँपिअर घेतो. आत शॉर्ट होऊन तो तीनशे वॅट खात जळत राहिला, तरी एमसीबीला पत्ता लागणार नाही. ती भिंतीतल्या वायरिंगची राखणदार आहे, तुमच्या डब्याची नाही. डब्याला स्वतःचा अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज हवा, तोही फेजवर आणि प्रायमरीच्या आधी.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. गावाकडं तीन पिनचा प्लग दोन भोकांत बसावा म्हणून वरची पिन कापतात. पण आतली तार सुटून लोखंडी डब्याला टेकली, तर फ्यूज उडवणारी वाट हीच पिन देते. ती नसेल तर डबा गपचूप जिवंत होतो आणि पहिला हात लागेल त्याची वाट बघतो. घरात तो हात बहुधा पोराचा असतो.

जोडणीची माझी ड्रिल साधी आहे. प्लग बाहेर ठेवून मीटरनं प्रायमरी-सेकंडरीमध्ये बघा, काहीही कंटिन्युइटी दिसली तर तो ट्रान्सफॉर्मर बाद. मेगर मिळाला तर ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासा. जास्त ओहमची, बारीक तारेची बाजू ती प्रायमरी. उलटं जोडलं तर वाइंडिंग जळतं, आणि जळण्याआधी दुसऱ्या टोकाला जीवघेणं व्होल्टेज येऊ शकतं. मग फेज, फ्यूज, स्विच, प्रायमरी हा क्रम ठेवा. गाभा आणि डबा दोन्ही अर्थला जोडा. प्रत्येक जोडावर स्लीव्ह घाला, तार डब्यात शिरते तिथं रबरी ग्रोमेट बसवा. पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. सेकंडरी मोकळी असताना तो मंद राहिला किंवा विझलेला राहिला तर ठीक, लख्ख पेटला तर प्लग काढा.

रायफल रिकामी आहे हे माहीत असूनही आपण प्रत्येक वेळी चेंबर बघतो. त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. विजेच्या डब्यालाही तोच नियम लावा. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की धाकट्या भावानं बनवलेल्या डब्याचा प्लग आधी बघा. वरची पिन जागेवर आहे का?