वायफाय ‘हार्ड ब्लॉक्ड’ दाखवतंय? लॅपटॉप भंगारात काढण्याआधी हे वाचा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे 2017 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप या दारातून आत जातच नाहीत. त्यामुळे चालू स्थितीतल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातोय. मीही देतो.

पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. याच काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना वायफायचं वेगळं बटण असायचं. लिनक्स टाकल्यावर माणूस अडकतो तो नेमका तिथे.

सोलापूरचा किस्सा

मी पुण्यात नोकरी करतो, घर सोलापूरला. कॉलेजात वापरलेला माझा लॅपटॉप मी मामेबहिणीला दिला होता. दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्यावर लिनक्स मिंट टाकून आलो. आठवड्याने तिचा फोन, “दादा, वायफायच दिसंना. परीक्षेचा फॉर्म भरायचाय.”

मी तिला फोनवरून कमांड सांगत बसलो. सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल. चार वेळा. काही झालं नाही. मग तिने लॅपटॉप नवी पेठेतल्या एका दुकानात नेला. तिथे सांगितलं, “वायफायचं कार्ड गेलंय, मशीन पण जुनं झालंय, नवीनच घ्या.” मामा हप्त्यावर नवा लॅपटॉप बघायला निघाले होते.

मी म्हटलं, एक दिवस थांबा. तिला लॅपटॉपच्या चारही कडांचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलं. पुढच्या कडेला, खालच्या बाजूने, नखाएवढा सरकता स्विच होता. चार वर्षं लॅपटॉप वापरून मला तो माहीत नव्हता! बॅगेत घासून कधीतरी सरकला असणार. तिने तो सरकवला आणि वायफाय आलं. कार्ड ठणठणीत होतं.

सॉफ्ट आणि हार्ड: फरक काय?

लिनक्स कर्नेलमध्ये रेडिओ बंद-चालू सांभाळणारा भाग आहे, त्याचं नाव आरएफकिल. टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘आरएफकिल लिस्ट’ टाइप केलं की प्रत्येक रेडिओपुढे दोन ओळी येतात.

सॉफ्ट ब्लॉक्ड म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलंय. ते अनब्लॉकने उघडतं. बऱ्याच लिनक्समध्ये ही स्थिती जपून ठेवली जाते, त्यामुळे रीस्टार्ट करूनही ती तशीच राहू शकते.

हार्ड ब्लॉक्ड म्हणजे बंद करणारा हात लिनक्सच्या बाहेरचा आहे. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डावर 20 नंबरची पिन याच कामाची. स्विच बंद केला की तिच्यावरचं व्होल्टेज खाली जातं आणि कार्ड रेडिओ बंद ठेवतं. कर्नेल ही स्थिती फक्त वाचतो, बदलू शकत नाही. म्हणून माझ्या चारही अनब्लॉक वाया गेल्या. लिनक्स पुन्हा टाकलं असतं तरी तेच झालं असतं.

कधी कधी मशीनच चुकीचं सांगतं

सगळ्याच हार्ड ब्लॉकमागे खरा स्विच असतो असं नाही. लेनोवोच्या आयडियापॅड मालिकेतल्या अनेक मॉडेलवर स्विच नव्हताच, तरी लिनक्सला ‘स्विच बंद आहे’ असं उत्तर मिळायचं. कर्नेलवाल्यांनी अशा मॉडेलची यादी ठेवली, ती वाढतच गेली. शेवटी 2019 मध्ये नियम उलटा केला: स्विच नाही असंच धरायचं, ज्यांना खरोखर आहे त्यांचीच यादी ठेवायची. म्हणून अशा लॅपटॉपवर जुनं लिनक्स असेल तर आधी नवं टाका.

या क्रमाने तपासा

1. इंटरनेटसाठी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. घाई तिथेच संपते.

2. आरएफकिल लिस्ट बघा. यादीत वायफाय दिसतच नसेल तर आजार वेगळा आहे: ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा कार्ड.

3. हार्ड ब्लॉक असेल तर चारही कडा बोटाने चाचपा. अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र असलेली की एफएनसोबत आणि एफएनशिवाय दाबून बघा.

4. ‘आरएफकिल इव्हेंट’ चालू ठेवून स्विच हलवा. नवी ओळ उमटली तर स्विचची हालचाल लिनक्सपर्यंत पोचतेय.

5. बायोसमध्ये वायरलेस चालू आहे ना बघा. ऑफिससाठीच्या काही लॅपटॉपवर लॅनची केबल लावली की वायफाय आपोआप बंद होतं, ती सेटिंगही तिथेच असते. मग डिफॉल्ट सेटिंग लोड करा.

6. बंद करून चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, पुन्हा चालू करा.

7. स्विचच तुटला असेल तर 20 नंबरच्या पिनवर इन्सुलेशन टेप लावायचा जुना जुगाड आहे. पण तो जाणकाराकडूनच करून घ्या. नाहीतर छोटं यूएसबी वायफाय अडॅप्टर लावून मोकळे व्हा.

आणि अजून विंडोज काढलं नसेल तर त्यात वायफाय चालू ठेवूनच लिनक्स टाका. काही मॉडेलवर वायफायची की कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. ते गेलं की की दाबली तरी ऐकणारं कोणी नसतं.

दोष कोणाचा?

स्विचचा नाही. सॉफ्टवेअरला ओलांडता येत नाही हीच त्याची ताकद आहे. प्युरिझमसारख्या कंपन्या प्रायव्हसीसाठी असे स्विच मुद्दाम देतात. अडचण आहे ती जुनी मशीन विंडोजपुरतीच तपासून विकली गेली यात, आणि आपण सगळे तपासण्याआधी निकाल देतो यात. दुकानदाराने दिला, तसा मीही दिला होता: ‘ड्रायव्हरचाच प्रॉब्लेम असणार.’

एक सरकलेला स्विच घरातल्या माणसाला हप्त्यावर नवा लॅपटॉप घ्यायला लावू शकतो. 2023 पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, पण नियम लागतो तो मशीन कचरा ठरल्यावर. ती कचरा आहे की नाही हे त्याआधी आपणच ठरवतो.

बहिणीचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरून झाला. स्विचशेजारी तिने आता पांढऱ्या पेनने बाण काढून ठेवलाय.