देवाने वाचवले की दगडाने?

या गोष्टीवरून आमच्या वर्गात फार भांडण झाले. म्हणून बाई म्हणाल्या, "भांडू नका, तुझे मत भित्तिपत्रकात लिही." म्हणून मी लिहिते आहे.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही जेजुरीला गेलो होतो. काकाचे नवीन लग्न झाले होते. काकाने काकीला उचलून पाच पायऱ्या चढवल्या, तेव्हा सगळे हसले. आम्ही भंडारा उधळला, तळी भरली आणि दुपारी निघालो. नीरा गेले, लोणंद गेले आणि सालपे घाट लागला. गाडी अण्णा चालवत होते. मागे आजी, काकी, मी आणि माझी लहान बहीण.

घाटाच्या मध्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. फॅनचा पट्टा तुटला होता, हे नंतर कळले. चढावरच गाडी बंद पडली आणि हळूहळू मागे यायला लागली. इंजीन बंद पडले की ब्रेक फार जड लागतो, असे अण्णा सांगतात. हँडब्रेक पण नीट धरत नव्हता. मागे वळण होते आणि वळणाच्या खाली दरी. आजीने डोळे मिटून "खंडेराया! खंडेराया!" सुरू केले. मी बहिणीला घट्ट धरले. मला रडूच येईना, इतकी भीती वाटली.

काका पटकन उडी मारून उतरला. रस्त्यातच एक मोठा दगड पडला होता. तो त्याने चाकामागे सारला. गाडी धाडकन थांबली.

मग काका रेडिएटरचे झाकण उघडायला गेला, तर अण्णा केवढ्याने ओरडले! गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. आम्ही फांदी तोडून वळणावर ठेवली. एक मोटारसायकलवाले दादा थांबले आणि काकाला मागे बसवून लोणंदहून नवीन पट्टा घेऊन आले. पैसे देऊ केले तर म्हणाले, "नको, आजीचा प्रसाद द्या."

आजी म्हणते, "तो दगड म्हाळसाकांतानंच ठिवला गं." वर्गातली निम्मी मुले पण असेच म्हणतात. बाकीची म्हणतात, देव वगैरे काही नाही, काकाने वाचवले.

माझे मत वेगळे आहे. तो दगड आमच्या आधी बंद पडलेल्या कुणाच्या तरी गाडीने तिथे टाकला होता. चाकामागे लावायचा आणि गाडी सुरू झाली की तसाच सोडून जायचे, असे पुष्कळ लोक करतात. दादांनीच सांगितले की अशाच दगडावर रात्री त्यांचा मित्र पडला आणि त्याचा पाय मोडला. मग तो दगड पण देवानेच ठेवला होता का? हे मी आजीला विचारले. आजी गप्पच बसली. मला वाईट वाटले, कारण मला तिला हरवायचे नव्हते. गाडी थांबली तेव्हा मी पण मनात खंडोबालाच हाक मारली होती, हे खरे सांगते.

गाडी सुरू झाल्यावर अण्णा म्हणाले, "चला, अंधार व्हायच्या आत घर गाठू." मी म्हटले, "अण्णा, आपला दगड?" ते रागावले, "बस गपचूप!" पण आजीच खाली उतरली. तिचे गुडघे दुखतात तरी उतरली. मग काकाला पण उतरावे लागले. दोघांनी दगड ढकलत कठड्याजवळ नेला. कुणाला लागला तर हाताशी सापडेल आणि रस्त्यात कुणाला आडवा येणार नाही, असा ठेवला. आजीने कमरेची पिशवी सोडली आणि उरलेला भंडारा त्या दगडाला लावला.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पण खिडकीतून हात जोडले, ते मी पाहिले.

पुढच्या वर्षी जाताना मी खिडकीशी बसणार आहे. पावसात भंडारा धुऊन जाईल, पण वळण माझ्या लक्षात आहे.