पाण्याचा हक्क जमिनीचा की माणसाचा?

जागतिक तापमानवाढीची चर्चा परिषदांतून आणि वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचते, तेव्हा तो विषय दूरचा वाटतो. आपल्या गावात मात्र तो पाण्याच्या रूपाने येतो. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मधले कोरडे दिवस लांबत जातात. कोसळलेले पाणी माती घेऊन वाहून जाते, जमिनीत मुरत नाही. त्यात भूजलाच्या बेसुमार उपशाची भर पडली की काय होते, हे आपण एप्रिल २०१६ मध्ये पाहिले. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूरच्या लातूरला तेव्हा रेल्वेने पाणी न्यावे लागले.

या संकटावर एक उत्तर सर्वत्र सांगितले जाते : गावाने एकत्र यावे, आपले पाणी आपण अडवावे. उत्तर योग्य आहे. परंतु ते स्वीकारण्यापूर्वी आंबेडकरी माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे उदात्तीकरण करणाऱ्यांचा कठोर समाचार घेतला होता. ज्या खेड्यात पाणवठेही जातीप्रमाणे वाटलेले होते, त्याच्या एकजुटीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यास त्यांचा विरोध होता. ती सावधगिरी आजही सोडता येत नाही.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपल्या लोकांची ओंजळ लागली नाही. बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ उजाडले. ठरावात 'सार्वजनिक' शब्द लिहिला म्हणून पाणी सार्वजनिक होत नाही, हा महाडचा धडा आहे. पर्यावरणाच्या प्रत्येक योजनेला तो लागू पडतो.

समतेच्या पायावर पाणी वाटता येते काय, या शंकेला आपल्याच महाराष्ट्रात उत्तर मिळालेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सोळा हेक्टर जमीन खंडाने घेऊन पाणलोटाचे काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम मोजके होते. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. पाणी पिणारे उसासारखे पीक घ्यायचे नाही. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा राहील. योजनेच्या खर्चाचा वीस टक्के भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा. मला यातील सर्वांत मोठी गोष्ट भूमिहीनाच्या वाट्याची वाटते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचेही पाण्यावर नाव असू शकते, हे तेथे मान्य झाले.

या कसोटीवर आजच्या योजना तपासून पाहू. शेततळे ही उपयुक्त वस्तू आहे, पण ज्याला शेत नाही त्याला ते मागताच येत नाही. अनेक ठिकाणी तर प्लास्टिक अंथरलेली शेततळी कूपनलिकेच्या पाण्याने भरून घेतली जातात. म्हणजे सर्वांच्या जमिनीखालचे पाणी उपसून एकाच्या तळ्यात साठवले जाते, आणि वस्तीवरचा हातपंप कोरडा पडतो. बंधारा कोठे बांधायचा हे बहुधा त्याच्याखाली कोणाच्या विहिरी आहेत यावर ठरते. गायरानाचा प्रश्न याहून गंभीर आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या बळावर आपली अनेक कुटुंबे गायरान कसत आली आहेत. आज वृक्षलागवड किंवा सौर प्रकल्प यांसाठी मोकळी जमीन शोधताना नजर प्रथम गायरानाकडे वळते. झाड हवे आणि सूर्याची वीजही हवी. मात्र जगाचा धूर कमी करण्याची किंमत, ज्याच्या घरातून सर्वांत कमी धूर निघाला, त्याच्या दोन एकरांतून वसूल होता कामा नये.

यावर कोणी म्हणेल, की मग अशा कामांपासून आपण दूरच राहावे. मला हे मान्य नाही. तथागतांनी कार्यकारणाचा विचार शिकविला. दुःखाचे कारण शोधून ते दूर करणे हाच धम्माचा मार्ग आहे, आणि पाण्याबाबत आपला वारसाही मोठा आहे. कान्हेरीच्या लेण्यांत विहारांलगत कातळात कोरलेली टाकी आहेत. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी त्यांत उतरविले जात असे. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे, आणि पोढी कोरवून देणाऱ्यांत कल्याणच्या सोनारासारखे सामान्य उपासकही आहेत. पाणी साठविणे हे तेव्हा धम्मदान होते. आपल्या घराचे, विहाराचे किंवा वसतिगृहाचे छप्पर हाच आजचा कातळ समजावा. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४८,००० लिटर उरते. या कामासाठी सातबारा लागत नाही.

या शाळेतून शिकून बाहेर पडलेले अनेक जण आज शिक्षक, ग्रामसेवक, अभियंते, वकील आहेत. पालकांपैकी कित्येक जण ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारी यांपैकी ज्या ग्रामसभेस जाणे शक्य असेल, तेथे अवश्य जावे. पाण्याचा आराखडा मांडला जाईल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात : या कामाने आपल्या वस्तीच्या विहिरीत पाणी वाढेल काय? भूमिहीनांचा वाटा किती? गायरान कसणाऱ्यांना विचारले काय? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीची पातळी मोजून ती पडताळून पाहावीत.