गिअरबॉक्सला हात लावू नका म्हणे!

रत्नागिरीत दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी फिटरकडे न्या आणि सांगा, गिअरबॉक्सचं तेल बदलायचंय. उत्तर बहुधा ठरलेलं असतं : “चालतेय ना नीट? मग कशाला हात लावताय?” जोडीला एक किस्साही तयार असतो. कुणाच्या तरी मेव्हण्याने तेल बदललं आणि महिन्याभरात गाडी चढाला दम टाकू लागली. ऐकणारा घाबरतो, घरी येतो आणि तेच काळपट तेल आणखी पाच वर्षं फिरवतो. मुंबईत नोकरी करून गावी परतलेल्या आणि गुडघ्यांनी सांगितलं म्हणून ऑटोमॅटिक घेतलेल्या मंडळींच्या दारात अशा गाड्या आता दिसू लागल्या आहेत. तेव्हा हा वाद एकदा निकालात काढलेला बरा.

मेव्हण्याचा किस्सा खरा असेलही. पण माणूस या तेलाकडे वळतो कधी? गाडी झटके मारू लागते, ‘डी’त टाकल्यावर क्षणभर काही घडतच नाही, इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तेव्हा. म्हणजे क्लच प्लेटांवरचं अस्तर आधीच झिजून गेलेलं असतं. जुन्या तेलातल्या भुकटीमुळे थोडी पकड टिकून असते आणि नवं तेल ती घालवतं, असाही युक्तिवाद ऐकू येतो. तो मान्य केला तरी निष्पन्न काय होतं? गाडी अस्तरावर नव्हे, अस्तराच्या भुकटीवर चालली होती, एवढंच. रोगी गेला तेव्हा उशाशी जो डॉक्टर बसला होता त्याच्यावरच खुनाचा आळ घ्यावा, तसलं हे तर्कशास्त्र आहे. शिवाय ‘तेल बदललं’ म्हणजे नेमकं काय केलं, हे किस्सा सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. मशीन लावून दाबाने जुन्या गिअरबॉक्समधून तेल फिरवलं, तर तळाचा गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकण्याची भीती खरीच असते. खालचा बोल्ट काढून तेल आपसूक गळू देण्यात तसला दाब येतोच कुठून?

दुसरा पक्ष जरा शिकलेला असतो. तो गाडीसोबत आलेलं पुस्तक दाखवतो : ‘लाइफटाइम फिल’, म्हणजे तेल बदलायचंच नाही. कुणाचं लाइफटाइम, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. जर्मनीची झेडएफ कंपनी महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते आणि त्यांचं तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदला, असं स्वतःच सांगते. तेच गिअरबॉक्स बसवणारे काही गाडीवाले मात्र त्यावर लाइफटाइमचा शिक्का मारतात. वॉरंटीनंतर गाडीचं काय होतं याची काळजी दोघांपैकी कुणाला जास्त, हे वाचकांनीच ठरवावं. अनेक पुस्तकांत कडक वापरासाठी वेगळं वेळापत्रकही असतं : उष्ण हवा, घाट, ओझं, थांबत-थांबत चालणं. हे तर आपलंच वर्णन झालं. साखरप्याहून आंबा घाट चढणारी किंवा गणपतीत महामार्गावर मुंगीच्या चालीने सरकणारी गाडी आणखी कशात मोडते?

अशा वापरात तेल लवकर का खराब होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात, निदान हळू वेगात, पक्का जोड नसतो. एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाने दुसरा पंखा फिरतो. दोघांच्या फिरण्यात जितकी तफावत, तितकी ताकद उष्णता होऊन तेलात जाते आणि ही तफावत घाटात व कोंडीत सगळ्यात जास्त असते. तेल 80 अंशांच्या वर गेलं की दर दहा अंशांमागे त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. बिचारं तेल तरी किती कामं करणार? ताकद पोचवायची, दाबाने क्लच आवळायचे, भाग थंड ठेवायचे आणि प्लेटांनी एकमेकींना किती हळुवार पकडावं हेही सांभाळायचं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. बुडालेल्या ऑटोमॅटिकमध्ये हवा जाण्याच्या नळीतून पाणी आत जाऊ शकतं. मग लाल तेल दुधाळ गुलाबी दिसू लागतं आणि क्लच प्लेटांचं कागदासारखं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो सुटू लागतो. जुनी गाडी घेताना सीटखालचा चिखल शोधतात, पण गिअरबॉक्सची तेल बघायची पट्टी ओढून बघणारा विरळा.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. “लाल तेल सगळं एकच, कुठलंही ओता.” लाल हा नुसता रंग आहे, गळती कुठली ते ओळखता यावं म्हणून घातलेला. तेलाच्या पकडीचा गुण इतका नाजूक असतो की 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात चक्क स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत. तिथे त्यावर बंदी आली आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. (2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत अडकलेलं देवमाशाचं पिल्लू पाण्यात ढकलायला माणसं धडपडत होती. त्यातल्या कुणाला आपल्या गाडीच्या या पूर्वजाची कल्पना असेल का?) तेव्हा जुन्या ह्युंदाईचं एसपी-थ्री, होंडाचं डीडब्ल्यू-वन, टोयोटाचं डब्ल्यूएस ही नुसती लेबलं नव्हेत. पट्टा-पुलीवर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्समध्ये साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, ओतणं म्हणजे त्या पट्ट्याची आणि पुलीची वाट लावणं. आणि 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत आणलेल्या एएमटीत तर आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. त्याला मॅन्युअलचंच तेल लागतं.

उरला शेवटचा आक्षेप : हे घरी करायचं काम नव्हे. माझं म्हणणं, पट्टी असलेल्या जुन्या गाडीपुरतं ते घरचंच काम आहे. खरा धोका तेलात नाही, गाडीखाली शिरण्यात आहे. आपल्याकडे पटकन हाताशी येतो तो जांभ्याचा चिरा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली आधाराला चिरा ठेवणाऱ्याने आधी विम्याची कागदपत्रं बायकोला दाखवून ठेवावीत. जांभा भिंतीत उत्तम, पण एका टोकावर भार आला की न सांगता फुटतो. लोखंडी जॅक स्टँड घ्या आणि मागच्या चाकांना अडण लावा.

काम करायचं ते पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवसांत. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करा. कढत तेलाने हात भाजतो. खालचा बोल्ट उघडण्याआधी वरून तेल ओतायची वाट मोकळी आहे ना, ते बघा. खाऱ्या हवेने बोल्ट धरला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बऱ्याच गाड्यांत बोल्टाच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ साका दिसला तर ती रोजची झीज. टोचणारे तुकडे दिसले तर तेल बदलून काही होणार नाही, खर्चाची तयारी करा. वायसर नवा घाला. उतरलेलं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोजा आणि निवल्यावर तेवढंच नवं नरसाळ्याने ओता. नरसाळं पुसताना सूत सुटणारी चिंधी नको, एक धागासुद्धा आत जाता कामा नये.

एका वेळी तेल साधारण निम्मंच येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून टीकाकार हसतात. हसोत बापडे. एकदा बदललंत की निम्मं नवं, हातखंब्यापर्यंत फिरवून पुन्हा बदललंत की पाऊण, तिसऱ्यांदा सात-अष्टमांश. जुन्या गिअरबॉक्सला अशी सावकाश अदलाबदल मानवतेही.

चुका होतात त्या लेव्हल बघताना. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन गरम करून बंद करायचं आणि 60 ते 90 सेकंदांत पट्टी बघायची. ह्युंदाईच्या चार गिअरवाल्यांत उलट : इंजिन चालूच ठेवायचं, लिव्हर सगळ्या खुणांवरून फिरवून आणायचा आणि तेल 70 ते 80 अंशांवर असताना बघायचं. एकीची रीत दुसरीला लावली की लेव्हल चुकलीच. तेही सपाट जागेवर. कोकणातलं खळं पाणी वाहून जावं म्हणून उताराचं असतं, तेव्हा गाडी रस्त्यावर काढलेली बरी. ज्यांना पट्टीच नाही आणि ठरावीक तापमानाला बोल्टातून तेल गळवून लेव्हल धरावी लागते, त्या नव्या गाड्या मात्र गॅरेजातच न्याव्यात.

आणि ते बाटल्यांतलं जुनं तेल. वाळवीसाठी वाशांना, शटरिंगच्या फळ्यांना, नाहीतर माडाच्या मुळाशी, असे त्याचे परंपरागत उपयोग सांगणारे भेटतात. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि शेजारीच विहीर असते. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. बाटल्या घट्ट बंद करून अशा गॅरेजात द्याव्यात, जिथलं जुन्या तेलाचं पिंप परवानाधारक उचलून नेतो. द्यायच्या आधी तेवढं विचारून घ्यावं.