कुटुंब म्हणजे किती जण?

आमच्या चाळीसगावात सौ. साडी घरी आणते, नणंद, जाऊ आणि शेजारीण ती खांद्यावर टाकून पाहतात, आणि तिसऱ्या दिवशी दुकानदार कुरकुरत का होईना, बदलून देतो. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या अमेरिकन दुकानाची रीत निराळी. पैसे परत हवेत? 14 दिवसांत मागा, आणि खेळ 2 तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. चिरंजीव खेळ चालू ठेवून भरीत-भाकरीला बसले तरी घड्याळ चालूच!

असो. दुकान त्यांचे, घड्याळ त्यांचे. माझे भांडण ‘कुटुंब’ या शब्दाशी आहे. 2024 साली त्यांनी सहा जणांच्या कुटुंबाची सोय काढली. एकाने घेतलेला खेळ सगळ्यांनी खेळायचा. पोराने मागणी पाठवायची, बापाने पैसे भरायचे आणि खेळ पोराच्या नावावर! तेही सोसू. पण बापाच्या खेळात पोराने लबाडी केली, तर त्या खेळापुरती बंदी पोरावर आणि बापावरही. शिक्षेला एकत्र कुटुंब. परतावा मागायला मात्र खरेदीदार एकटा.

नुसत्या दंडापुरते संयुक्त खाते उघडायला कोणी आमच्या काउंटरवर आला, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. आमच्या फॉर्मात निदान वारसाचा रकाना असतो. यांचे खाते दुसऱ्याच्या नावावर होतच नाही.

तेव्हा एक करा. परताव्याच्या अर्जावर सहांपैकी कोणाचीही सही चालवा. नाहीतर पोराचा दंड पोरालाच करा, आणि ‘कुटुंब’ ही पाटी उतरवून ‘भाडेकरू’ अशी लावा.